सत्तरच्या पुढची थरथर

लोहाऱ्यात जैनोद्दीन मिस्त्रीकडं गाडी न्यायची म्हणजे अब्रू घरी ठेवून जायचं. गाडीला हात नंतर, आधी मालकाचा पाणउतारा. "ही गाडी हाय का उकिरडा? आन् हॉर्न कशाला दाबायलास, म्या काय बहिरा हाय?" तहसीलचा साहेब असो नाहीतर वडापचा जीपवाला, सगळ्यांना एकच माप. शोरूममधली पोरं त्याच्या लेखी लॅपटॉप लावून नट शोधणारी बावळटं. टायरवाले चोर. ड्रायव्हर तर सगळेच म्हशी हाकायच्या लायकीचे, आणि त्यातल्या निम्म्यांच्या हातात म्हैससुद्धा देऊ नये. तरी लोक जायचे. गाडी जागेवरच चालू करायला लावायचा, डोळे मिटून इंजिन ऐकायचा आणि रोग सांगायचा. रोग बहुतेक वेळा खरा निघायचा, त्यामुळं माज उतरायचं काही कारणच पडलं नव्हतं.

त्या माजातून दोन खोडी जडल्या होत्या. एक म्हणजे दुरुस्त केलेली गाडी तो कधी चालवून बघायचा नाही. चालवून बघतात ते शिकाऊ, असं त्याचं म्हणणं. दुसरी म्हणजे, एखादा भाग खोलताना बाकीचे मिस्त्री खडूनं खूण करून ठेवतात, बसवताना कुठली बाजू कुठं होती ते कळावं म्हणून. खूण करणाऱ्याला हा हसायचा. "बायकोवर बी खूण करून ठेवतोस का रं, घरी गेल्यावर वळखायला?"

त्याच्या नजरेत सगळ्यात खालच्या पायरीवर होता आसिफ. आसिफ त्याच्या सख्ख्या बहिणीचा पोरगा आणि वरून जावई, हुमेराचा नवरा. पिकअपमधून टमाटे, कोथिंबीर भरून सोलापूर, पुण्याच्या बाजारात न्यायचा. मामूनं कितीही झोडपलं तरी खाली बघून "जी मामू" म्हणायचा, आणि ते "जी मामू" जैनोद्दीनच्या डोक्यात जायचं. असल्या मेणचट माणसाला पोरगी दिली ती बायकोच्या, बेगमबीच्या हट्टापायी, असं तो ती वारल्यावरसुद्धा सांगत फिरायचा. दुपारचा डबा मात्र त्याच मेणचटाच्या घरून यायचा. हुमेरा स्वतः घेऊन यायची, समोर बसून बापाला खाऊ घालायची, आणि सालनाच्या रश्श्याला नावं ठेवत हा गृहस्थ बोटं चाटायचा.

हिवाळ्यात पिकअपच्या शाफ्टचे क्रॉस झिजले. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडं नेणारा लांब दांडा म्हणजे शाफ्ट, आणि त्याच्या सांध्यात हे क्रॉस असतात. जैनोद्दीननं स्वतः शाफ्ट खाली काढला, मधून ओढून दोन तुकडे वेगळे केले, नवे क्रॉस घातले, ग्रीस भरलं आणि परत चढवला. आठवडाभरात आसिफ आला.

"मामू, सत्तरच्या पुढं गेलं की गाडी थरथरायलीय."

"स्टेअरिंग थरथरतंय?"

"न्हाय. बुडाखाली. सीट थरथरतीय."

स्टेअरिंग थरथरलं तर पुढची चाकं, सीट थरथरली तर मागचं काहीतरी, हे जैनोद्दीननंच अर्ध्या तालुक्याला शिकवलेलं. पण सांगणारा पडला आसिफ. गाडी दुकानापुढं उभ्या उभ्या चालू करायला लावली, डोळे मिटले, ऐकलं. "गाडी ठणठणीत हाय. तुझंच बूड ढिलं झालंय."

आसिफ बिचारा येडशीला शिवपुत्रकडं गेला. शिवपुत्र एकेकाळी जैनोद्दीनच्याच हाताखाली शिकलेला, आता हायवेला स्वतःचं दुकान टाकून बसलेला. त्यानं चाकं उतरवून त्यांचा तोल करून दिला, टायर अदलाबदल केले. थरथर जशीच्या तशी. टमाटे पोचेस्तोवर पिचायचे, बाजारात व्यापारी नाक मुरडायचे. आसिफ पुन्हा मामूपुढं उभा राहिला, तेव्हा मामूनं हातातला पानासुद्धा खाली ठेवला नाही.

"त्या शिवपुत्राला धड नट आवळता येत न्हाय, त्याच्याकडं गेलास? तुझ्या गाडीची चासी वाकडी झालीय. खड्डे बघून चालवायला अक्कल लागती. ईकून टाक आता."

चासी म्हणजे गाडीचा सांगाडा, आणि जैनोद्दीन मिस्त्री बोलला म्हणजे तो वाकडाच. मग लोहाऱ्यातल्या एकाही मिस्त्रीनं त्या गाडीखाली डोकं घातलं नाही. आसिफनं गिऱ्हाईक बघितलं, ईट गावचा माणिकप्पा. शेतात शेणखत वाहायला मिळेल त्या भावात घेतो म्हणाला. पुण्यातल्या थोरल्या भावानं, आरिफनं, आसिफला एका कंपनीच्या बसवर ड्रायव्हरची नोकरी बघितली. हुमेरानं पेट्या भरायला काढल्या.

पोरगी पुण्याला चालली म्हटल्यावर जैनोद्दीनचा हात डब्यातच थांबला. पण तोंड कुठं गप्प बसतंय. "जावा की. खुराड्यात ऱ्हावा आन् पाणी इकत प्या. मला काय त्याचं." हुमेरानं डबा आवरला आणि उठून गेली. त्या दिवशी त्यानं पुन्हा हातात पाना धरला नाही.

गाडी पोचवायच्या दिवशी तो आसिफच्या शेजारी जाऊन बसला. या बावळटाला माणिकप्पानं गंडवू नये, एवढंच कारण. धाराशिव मागं पडलं, हायवे मोकळा लागला, आसिफनं पाय दाबला. काटा सत्तरच्या पुढं गेला आणि जैनोद्दीनच्या बुडाखाली सुरू झालेली थरथर पाठीतून पार दातांत शिरली.

"क्लच दाब."

आसिफनं दाबला. इंजिन सुटं झालं तरी थरथर तशीच. म्हणजे दोष इंजिनात नव्हता. चाकं तर शिवपुत्रनं बघितलेली. चासी वाकडी असती तर टायर एका अंगानं खाल्ले गेले असते, आणि निघताना त्यानं बघितले ते चारही टायर सारखे झिजलेले. मग उरलं काय? मधला शाफ्ट.

"घे बाजूला."

पान्यांची पिशवी घेऊन तो गाडीखाली शिरला. शाफ्टच्या दोन्ही टोकांची तोंडं एका रेषेत पाहिजेत. एक सरळ होतं, दुसरं तिरपं. जोडताना थोडंसं फिरवून बसवलेलं, आणि कुणी बसवलं ते त्याला सांगायला कुणी नको होतं. मुकाट्यानं बोल्ट सोडले, शाफ्ट ओढला, नीट करून चढवला. आसिफनं गाडी नव्वदला नेली. सीटला कंप म्हणून नाही.

आसिफला हसावं का रडावं कळेना. त्यानं गाडी कडेला घेऊन आधी माणिकप्पाला फोन लावला, सौदा मोडला म्हणून सांगितलं. मग हुमेराला सांगितलं, पेट्या उघड.

"मामू, काय झालं व्हतं वो गाडीला?"

"कुण्या येड्यानं शाफ्ट फिरवून बसवला व्हता." सवयीनं तोंडातून निघून गेलं.

आसिफचा चेहराच बदलला. "शिवपुत्र. आधीची थरथर चाकांची आसंल, ती काढताना त्यानंच शाफ्ट उघडला आसनार. तुमच्याशिवाय गाडीला हात त्याचाच लागलाय. त्याच्यापायी माझ्या बायकोनं घर गुंडाळलं. येडशी आलीच हाय. चार लोकांत त्याची चामडी सोलतो."

उभ्या जन्मात हा मेणचट पहिल्यांदा कुणावर तरी पेटला होता, आणि जैनोद्दीननं नुसतं तोंड मिटून ठेवलं तरी भागणार होतं. शिवपुत्र काहीही सांगू दे, लोहारा उस्तादाचंच खरं धरणार होता. दुकानाचा पत्रा दिसायला लागला. शिवपुत्र टायर ढकलत होता. ओळखीची गाडी बघून त्यानं हसून हात वर केला.

"थांबू नगो," जैनोद्दीन म्हणाला. "पुढं घे. तो येडा म्याच हाय."

आसिफनं गाडी पुढं घेतली, पण मान हलवली. "मोठेपणा नका दाखवू मामू. चेल्याला वाचवायलाव तुमी. तुमच्या हातनं असलं व्हत न्हाय."

काय म्हणावं या माणसाला. चासी वाकडी म्हणून ठोकून दिलं ते मुकाट गिळलं, आणि खरं सांगतोय तर गळ्याखाली उतरेना. जैनोद्दीनला त्याच्या भोळेपणाचा नेहमीसारखा संताप आला, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. या भोळेपणाच्या जिवावरच तर त्याची उस्तादी चालली होती.

मोकळ्या जागी त्यानं गाडी थांबवायला लावली. आसिफच्या डोळ्यांदेखत शाफ्ट पुन्हा सोडला आणि पुन्हा चुकीचा बसवला. "हिवाळ्यात म्या असाच बसवला व्हता. आता चालव, शिवपुत्राकडं जायच्या आधीचीच थरथर हाय का बघ."

सत्तरच्या पुढं तीच थरथर. आसिफनं हळूहळू पाय काढला, गाडी कडेला घेतली आणि किल्ली काढून खिशात घातली.

"आन् चासी?"

"चासीला काय बी झालं न्हाय. म्या बघितलीच नव्हती."

"हुमेरा रोज रडायलीय, मामू."

 जैनोद्दीन पाना घेऊन खाली उतरला. काम चालू असताना त्याच्याशेजारी थांबून बघायची हिंमत लोहाऱ्यात कुणी केली नव्हती, असल्या माणसाच्या अंगावर तो पाना फेकायचा. आसिफ उतरला, चाकाजवळ उकिडवा बसला आणि खाली वाकला.

"बसवा सरळ. म्या बघायलोय."

"बघ," जैनोद्दीन म्हणाला.

शेवटचा बोल्ट आवळून होईस्तोवर आसिफ तिथून हलला नाही, आणि झाल्यावर त्यानं आत हात घालून शाफ्ट स्वतः हलवून बघितला.