फोनची पाळी

मंडळी, आमच्या सॉफ्टवेअर टीममध्ये ग्राहकांचे फोन मीच घ्यायचे, कारण मला छत्तीसगढी येते. त्यात दिवस जायचा, कोड लिहायचा राहायचा.

आज मीटिंगमध्ये मी म्हटलं, "फोनही कामच आहे. पाळी लावू."

"दीदी, आमाले कुठं छत्तीसगढी येते?" प्रशांत हसला.

"ग्राहकांना हिंदी येते, भैया."

पहिली पाळी त्याचीच. अभनपूरच्या धान व्यापाऱ्याने अर्धा तास ऐकवलं की ॲपमध्ये सेव्हचं बटण सापडत नाही. ही तक्रार मी प्रशांतला तीनदा सांगितली होती. आज त्याने बटण दुपारपर्यंत बदललं. मी एक स्क्रीन पूर्ण केली.

घरात कॉलेज शिकलेली मी पहिली. बाबा रोज विचारतात, "आज काय बनवलं, बेटा?" आज दाखवायला काहीतरी आहे.

तुमच्याकडे कोणतं काम कामात धरत नाहीत?