धुराबरोबर दमही

साठच्या दशकात मी मालवणातून बेळगावला माशांची लॉरी न्यायचो. एकदा सावंतवाडीत आरटीओच्या साहेबांनी धूर बघून अडवलं. "पंप कमी करून घ्या," म्हणाले. तिथल्याच मिस्त्रीने स्क्रू फिरवून इंजिनात जाणारं डिझेल कमी केलं. धूर गेला, पण त्याबरोबर लॉरीचा दमही गेला. आंबोली घाटात ती पहिल्या गिअरवर रडतखडत सरकत होती. मागे बर्फ वितळून रस्त्यावर गळत होता आणि पुढे माझा जीव वरखाली होत होता. साहेबांना शिव्या घालणं चालूच होतं. एवढ्यात मागची एक लॉरी मला मागे टाकून गेली आणि तिचा काळाकुट्ट धूर थेट माझ्या नाकातोंडात शिरला. खोकत खोकत मी खिडकीतून ओरडलो, "पंप कमी करून घे रे, मेल्या!"