लॅपटॉपनं माझी चुगली वाचून दाखवली

दारात आधी आली माझी उमरेडची नणंद, अन् तिच्या मागं तिची सून आशा, हातात कोथिंबिरीच्या सांबारवडीचा डबा घेऊन. मैत्रिणींनो, मले इतका आनंद झाला का विचारू नका!

माझ्या नातीले, पूर्वाले, दिसत नाही. तिचा लॅपटॉप लिहिलेलं सारं मोठ्यानं वाचते. मी चौथी शिकलेली, मलेही तो लय कामाचा. सकाळी त्याच्यावरच तुमच्यासाठी लिहून राहिली होती, अन् अर्धवट सोडून उठली.

चहाचा ट्रे ठेवताना कोणतं तरी बटन दाबल्या गेलं. झालं! लॅपटॉप मोठ्यानं वाचू लागला, "आशा आज येऊन राहिली. मागच्या बारीची तिची सांबारवडी मी गायीले घातली."

पूर्वानं शिकवलं होतं, "आजी, कंट्रोल दाबलं का तो गप होते. डावीकडं, खाली कोपऱ्याजवळ." मी कोपऱ्यातलंच दाबलं, ते दुसरंच निघालं. घाबरून बाणाचं दाबलं, तर त्यानं पुढची ओळ वाचली, "गायीनंही तोंड फिरवलं."

नणंद म्हणे, "वहिनी, मशीन तरी खरं बोलते वं!"

पूर्वानं धावत येऊन एक बटन दाबलं, तवा कुठं तो थांबला. आशा डब्याचं झाकण उघडत होती, तिनं ते हळूच परत लावलं. मी माफी मागितली, पण मान वर होईना. तोंडावर गोड बोलाचं अन् मागं असं लिहाचं, काहून करतो आपण हे?

जाताना आशाच म्हणाली, "मामी, चुकते कुठं ते मले शिकवा." दोघी गुरुवारी येतो म्हणाल्या.