कमरेची पट्टी

आप्पांना वृद्धाश्रमात ठेवलं तेव्हा कागदावर सही मी केली. भाऊ पुण्यात, मी बेळगावच्या कचेरीत, आणि कंग्राळीच्या घरात दुपारभर ते एकटे. न्हाणीत एकदा पडले होते.

महिन्याभरात तिथल्या बाईंचा फोन आला. "आक्का, सारखं उठत्यात. पडलं तर आमच्या अंगावर येतंय. बांधून बसवू काय?" दुसऱ्या दिवशी जाऊन आणखी एक सही केली. फॉर्म कन्नडमध्ये होता. मला कन्नड नीट वाचता येतं, त्यामुळे कळलं नाही असं म्हणायची सोय नाही.

रविवारी गेले तर आप्पा खुर्चीत. जुन्या लुगड्याची पट्टी कमरेभोवती, गाठ पाठीमागं. मला बघून म्हणाले, "सोड गं. मुतायला जायाचं हाय."

"थांबा की आप्पा, बाई येतील आता."

बाई अर्ध्या तासानं आल्या. तोवर धोतर भिजलं होतं. आप्पा भिंतीकडं बघत म्हणाले, "मी काय चोरी केली व्हय गं?" आयुष्यभर रताळ्याची शेती केलेला माणूस. मी गाठीला हात लावला नाही. पडले तर काय, ही भीती होती. आणि त्यांना उचलून परत घरी न्यावं लागेल, हीसुद्धा.

हळूहळू त्यांचे पाय काटकुळे झाले. मग एका दुपारी ते खुर्चीतून खाली घसरले आणि पट्टी वर सरकून छातीत रुतली. चहा द्यायला आलेल्या बाईंना ते निळे पडलेले दिसले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "ते उठत का होते, हे कुणी विचारलं?" उत्तर मला ठाऊक होतं. आप्पांनी स्वतःच सांगितलं होतं.

वाचले. मी त्यांना कंग्राळीला आणलं, दुपारी सोबतीला शेजारची काकू ठेवली. हे सगळं आधीही जमलं असतं.

आप्पा पुन्हा चालले नाहीत. चार महिने काढले. कधी कुणाला विचारून काही न करणारा माणूस कुशीवर वळायच्या आधी माझ्याकडं बघायचा आणि विचारायचा, "वळू काय?"

"वळा की आप्पा," मी म्हणायची. तरी ते जरा वेळ तसेच थांबायचे.