चिंचेनं घासलेला स्फटिक

आई लोकांची भांडी घासायची, अण्णा दगडखाणीत राबायचे, तरी आमची चूल दोन्ही वेळा पेटेलच असं नव्हतं. एकदा सुरुंगानंतर खडकाच्या पोकळीत सापडलेला स्फटिक अण्णांनी घरी आणला. खडीसाखरेसारखा स्वच्छ. "चाटून बघ, गोड लागतोय का," म्हणून हसले. पुढे खाणीच्या धुळीनं त्यांची छाती भरली आणि ते गेले. त्यांची म्हणावी अशी तेवढीच वस्तू मागे राहिली.

मी बी.एस्सी. झाले, तेव्हा पेढे घ्यायला माणसं येणार म्हणून आईनं तो स्फटिक काढला आणि पितळी तांब्यासारखा चिंचेनं खसाखसा घासला. दगड पार आंधळा झाला.

"असं कसं गं? मी तर चकाकावा म्हणून..."

"आई, तो कॅल्साइट आहे. आंबटानं झिजतो."

"एवढं शिकलीस, मग आधी का नाही सांगितलंस?"

जन्मभर तिनं दुसऱ्यांची भांडी उजळून परत दिली. आपल्या घरातली एकच वस्तू मायेनं घासली, तर ती विझली.

आता माझ्या कपाटात मी रानोमाळ हिंडून जमवलेले स्फटिक लखलखतात. त्यांत हा एकटा मिटल्या डोळ्यासारखा. आई अजून त्याच्याकडे बघायचं टाळते. मी मात्र त्याला पहिल्या फळीवर ठेवलंय. खालच्या चिठ्ठीवर, शोधणाऱ्याच्या जागी, अण्णांचं नाव आहे. ते लिहिणारी मी आमच्या घरातली पहिली पदवीधर.