खंडेरावांना चावणारा पोपट

खंडेराव आहेर देवळ्याच्या एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि नाशिकला, इंदिरानगरात मुलाकडे राहायला आले, ते साल अठ्ठ्याण्णव. छत्तीस वर्षं त्यांनी माणसं पाहिली होती आणि त्यातलं एकही त्यांना धड वाटलं नव्हतं. साहेब बिनडोक, शिपाई कामचुकार, अर्ज घेऊन येणारे निव्वळ गबाळे. शेजारचे भिमाजी वाघ टीव्ही बघताना तोंड उघडं ठेवतात, एवढ्यावरच खंडेरावांनी त्यांचाही निकाल लावला होता.

पोपट आला तो मुलाच्या, रविराजच्या ऑफिसातून. एका सहकाऱ्याची पुण्याला बदली झाली. "चावतो जरा," एवढंच सांगून त्याने पिंजरा हवाली केला.

दुसऱ्या दिवशी सुनेने, सुवर्णाने, पेरूची फोड आत सरकवली तर पोपटाने तिचं बोट फोडलं. खंडेराव हसले.

"तुम्हाला धाक बसवता येत नाही. बाजूला व्हा."

त्यांनी दार उघडून वरून हात घातला, पोपटाची मान धरायला. पोपट किंचाळला, चोच अंगठ्याच्या मुळाशी रुतली, आणि हात झटकताना पिंजराच खाली आला. पाणी, डाळ, पिसं सगळं फरशीवर. सुवर्णाने हळद आणली. मग ती फरशी पुसायला बसली, हेच त्यांना जास्त झोंबलं.

मग हट्टच पेटला. दीड वितीचा जीव, आणि हा मला नमवणार? त्यांनी चोचीवर टिचकी मारली, पट्टी आपटून पाहिली, रागाने दोन दिवस पिंजऱ्यावर चादर टाकून ठेवली. पोपट आता त्यांचं पाऊल वाजलं तरी गजांवर धडका घेई. भिमाजींनी हातमोजे घालायचं सुचवलं, तेव्हा खंडेराव म्हणाले, "तुम्ही टीव्ही बघा."

सुमनबाई मखमलाबादकडून रोज भाजीची गाडी घेऊन यायच्या. एका सकाळी व्हरांड्यात खंडेरावांचा आरडाओरडा ऐकून त्या गेटपाशी थांबल्या.

"साहेब, तुमी वरून हात घालता. घार कुठून येती? वरूनच ना?"

"तुम्ही मेथीचं बघा."

"बघते की. पण त्याची बुबुळं पाहा. बारीक-मोठी व्हायला लागली, की तो भ्यालेला हाय. तवा थांबायचं. चावला तर वरडायचं नाय, मारायचं नाय. गुमान तोंड फिरवून बसायचं. आमच्या मळ्यातल्या पोपटाला सहा महिने लागले."

भाजीवालीने शिकवावं! खंडेराव दिवसभर धुसफुसले. पण चारच्या सुमारास, सुवर्णा स्वयंपाकघरात आहे याची खात्री करून, त्यांनी पिंजऱ्यापासून हातभर अंतरावर खुर्ची टाकली आणि पेपर उघडला. हात मांडीवर. पोपट लांबच्या दांडीला चिकटून त्यांच्याकडे बघत राहिला.

असे पंधरा दिवस गेले. मग गजांतून, देठाला धरून, हिरवी मिरची. बुबुळं थरथरली की हात मागे. एकदा पोपटाने मिरची सोडून नख धरलं. शिवी ओठावर आली, ती गिळून खंडेराव खिडकीकडे तोंड करून बसले. इतका वेळ गप्प राहण्याची त्यांची आयुष्यातली ती पहिलीच खेप असावी. दिवाळी झाली, थंडी पडली. संक्रांतीच्या आसपास उघड्या दारातून पोपट बाहेर आला, खालून पुढे केलेल्या मनगटावर एक पाय ठेवला, मग दुसरा. खंडेरावांनी श्वास रोखला. नखं टोचत होती. त्यांनी हात हलवला नाही.

पुढच्या आठवड्यात ते पोपट मनगटावर घेऊन गेटपाशी उभे राहिले. भिमाजी थक्क झाले.

"काय जादू केली, आहेरसाहेब?"

"जादू कसली? डोकं लागतं. प्राण्याचं मन ओळखावं लागतं. ते सगळ्यांना जमत नाही."

खंडेराव हे बोलत होते तेव्हा सुमनबाई गाडीवर पालकाच्या जुड्या लावत होत्या. त्यांनी मान वर केली, खंडेरावांना डोक्यापासून चपलेपर्यंत एकदा न्याहाळलं, आणि ओठ किंचित मुडपले.

"व्हय. साहेब लय हुशार," म्हणाल्या, आणि गाडी पुढे ढकलली.

ती नजर खंडेरावांच्या चांगल्या ओळखीची होती. छत्तीस वर्षं काउंटरच्या पलीकडच्या माणसांवर त्यांनी तीच टाकली होती. आज ती पहिल्यांदा अंगावर आली. दुपारचं जेवण त्यांना गोड लागलं नाही. सुवर्णाने भाजी आणखी वाढू का विचारलं, तर तिच्यावरच खेकसले.

दुसऱ्या दिवशी गाडीचा आवाज आला तसे ते गेटपाशी गेले. भिमाजी कांदे निवडत होते.

"वाघ," खंडेराव म्हणाले, "काल मी खोटं बोललो. पोपटाची युक्ती या बाईंची. तुम्ही लगेच विश्वास ठेवलात, त्यावरून तुमचीही अक्कल कळली."

भिमाजींचं तोंड उघडं राहिलं. सुमनबाई मात्र हसल्या नाहीत, खुललाही नाही त्यांचा चेहरा.

"मग?" त्या म्हणाल्या. "मेथी देऊ का?"

"द्या," खंडेराव म्हणाले. "आणि मिरच्या. ताज्या द्या, कालच्या सुकलेल्या होत्या. तो खात नाही तसल्या."