साडूंच्या हॉटेलाची विकतची वाहवा

रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक माणसाला भूक लागलेली असते, ती त्याची त्याला कळत नसते, आणि ती भागवायची जबाबदारी परमेश्वरानं आपल्यावर टाकलेली आहे, असं मानणारा एकच महापुरुष वर्धा जिल्ह्यात जन्माला आला आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला मीही ताईच म्हणतो, या महापुरुषाच्या गळ्यात पडली आणि दोघांनी मिळून जामच्या चौकाअलीकडे, हायवेला लागून भोजनालय काढलं. म्हणजे स्वयंपाक ताई करायची आणि गल्ल्यावर बसून रस्त्याकडे बघण्याचं अवघड काम साडू करायचे. गाडीच्या चालीवरून आतल्या माणसांच्या पोटाची अवस्था आपल्याला कळते, असा त्यांचा दावा होता. "ते पांढरी गाडी पाहा मास्तर, हळू झाली. सकाळचे पोहे जिरले त्याहिचे," असं ते मला सांगत आणि गाडी पुढच्या पेट्रोलपंपावर जाऊन थांबे. मी हिंगणघाटच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेलं. उत्तर चुकलं की माणसानं निदान ओशाळावं, एवढीच माझी माफक अपेक्षा. साडू ओशाळत नसत. "डिझल भरून वापस येते," म्हणत आणि पुढची गाडी तपासायला घेत.

हा आजार हॉटेलापुरता असता तरी मी काही बोललो नसतो. एकदा आम्ही दोन्ही घरची मंडळी गिरडच्या टेकडीवर दर्ग्याला गेलो होतो. बायका नवस बोलत होत्या, मी वारा खात होतो, आणि साडू पायऱ्यांवर उभे राहून उतरणाऱ्या भाविकांची तोंडं न्याहाळत होते. "एवढी पब्लिक उपाशी उतरून राह्यली अन् कोनाले काई चिंता नाई," असं ते खरोखर कळवळून म्हणाले. आमच्या चुलत्यांच्या तेरवीला तर त्यांनी कहर केला. एक दूरची बाई धाय मोकलून रडत होती. तिच्यापुढे पान वाढून हे म्हणाले, "आधी दोन घास खाऊन घ्या बाई. रडाले ताकद लागते." मी लाजेनं मान खाली घातली. बाईनं मात्र डोळे पुसले आणि दोनदा वरण मागून घेतलं.

धंद्याचं त्यांचं शास्त्र साधं होतं. हायवेवरच्या हॉटेलांचा जुना रिवाज आहे की बसच्या ड्रायव्हर-कंडक्टरला फुकट जेवू घालायचं, म्हणजे गाडी तिथंच थांबते आणि मागची पन्नास माणसं आपोआप गिऱ्हाईक होतात. साडूंनी या रिवाजाचा धर्म केला होता. ड्रायव्हरांसाठी वेगळं टेबल, वेगळा कूलर आणि सगळ्यांच्या आधी वाढलेलं ताट. "गाडी काय पोट थांबवते? पोट तं मागं बसलं रायते. गाडी ड्रायव्हर थांबवते," हे त्यांचं तत्त्वज्ञान. पण त्यातही एक अट असायची. जो ड्रायव्हर घाईत नुसता चहा पिऊन निघे, त्याला ते हात जोडून सांगत की बापा, आमचं नाव कोणापुढं घेऊ नको. "ज्यानं खाल्लंच नाई, त्यानं चांगलं काऊन म्हनावं? पोटातून नाव निंगलं पायजे." ताईच्या पाटोडीच्या, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या, रश्शाबद्दल त्यांना एवढी खात्री होती की ती वाहवा लाच देऊन मिळवलेली आहे, हे त्यांच्या कधी मनातही आलं नाही.

मग रस्ता रुंद झाला आणि हॉटेलासमोर भलामोठा दुभाजक पडला. पलीकडून जाणाऱ्या गाड्यांना आमच्याकडे यायचं तर लांबून वळसा घालावा लागे. ड्रायव्हर पलीकडून हात करत, साडू अलीकडून हात करत, आणि एवढ्यावर दुपारचा धंदा संपे. ताई स्पष्ट बोलणारी बाई. ती म्हणाली, "दिवाळीपावतर पाहीन. चाललं तं चाललं, नाई तं शटर पाडून हिंगनघाटले जाऊ." साडूंनी हे ऐकलं आणि महिनाभर त्यांनी एकाही गाडीचं भविष्य सांगितलं नाही. मला वाटलं, माणूस सुधारला. माझंच चुकलं.

कारण त्याच सुमारास नागपूरहून काळा गॉगल लावलेले एक डिजिटल सल्लागार जेवायला आले. त्यांनी हॉटेलाची वेबसाइट काढून दिली आणि सांगितलं की हल्ली गाडी ड्रायव्हर थांबवत नाही, मोबाईल थांबवतो. माणूस 'जामजवळ चांगलं जेवण' असं शोधतो आणि पहिलं नाव दिसेल तिकडे वळतो. पहिलं नाव व्हायचं तर इतर वेबसाइटांनी आपलं नाव घ्यायला हवं, त्याला लिंक म्हणतात, आणि फुकट नाव घ्यायला जग काही वेडं नाही, तेव्हा लिंका विकत मिळतात. साडूंना हे एका घासात कळलं. "म्हनजे ड्रायव्हरच की हो," ते म्हणाले आणि पाटोडी आणखी वाढली. पुढच्या महिन्यात जगातल्या थोर थोर संस्था आमच्या भोजनालयाची शिफारस करू लागल्या. एक परदेशी जुगाराचा अड्डा होता, एक कुत्र्यांच्या केसगळतीचं औषध विकणारी कंपनी होती, आणि ब्राझीलमधला कुणी दातांचा डॉक्टर तर आपल्या रोग्यांना कवळी बसवल्यावर थेट जामला जेवायला पाठवत होता.

आणि खोटं कशाला बोलू, चाललं की ते. मोबाईलमध्ये साडूंचं नाव पहिलं झळकलं. दुभाजकाला वळसा घालून गाड्या येऊ लागल्या, टेबलं कमी पडू लागली, ताईनं मदतीला दोन बाया ठेवल्या आणि शटरचं नाव काढणं सोडलं. साडू सल्लागारांकडून आणखी लिंका घेत सुटले. मी कुठंतरी वाचलं होतं की हे शोधयंत्र विकतची वाहवा ओळखतं आणि ओळखली की गचांडी धरून बाहेर काढतं. तसं मी त्यांना सांगितलं. ते उसळले. "मंग ड्रायव्हरले जेवू घालतो तेही पापच काय?" मी म्हणालो, "ड्रायव्हर जेवतो तरी. तुमच्या ब्राझीलच्या डॉक्टरनं काय खाल्लं?" हे त्यांना लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सल्लागारांना फोन लावला आणि सांगितलं की त्या वेबसाइटवाल्या साहेबांना एकदा जेवायला घेऊन या, जाण्यायेण्याचं मी पाहतो. सल्लागार बराच वेळ हसले म्हणे. त्यानंतर त्यांनी फोन उचलणंच कमी केलं.

एके सकाळी नाव गेलं. खाली घसरलं असं नव्हे, गेलंच. अख्खं भोजनालयाचं नाव टाइप केलं तरी कुत्र्याचं औषध दिसे. लिंकांच्या आधी तिसऱ्या-चौथ्या पानावर तरी होतं, आता तेही नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि सल्लागारांचा फोन तर लागेचना. साडू माझ्याकडे येऊन बसले आणि म्हणाले, "मास्तर, इंग्रजीत लिहा. आमचं नाव काढून टाका म्हना." मग रोज संध्याकाळी आम्ही जगभरच्या वेबसाइटवाल्यांना पत्रं पाठवू लागलो. मी काढून टाकण्याची विनंती लिही आणि ते खाली एक ओळ घालायला लावत की कधी इकडे आलात तर जेवायला या. जुगारवाल्यानं नाव काढण्याचे वेगळे पैसे मागितले. दातांच्या डॉक्टरनं नाव काढलं आणि पाटोडी म्हणजे काय असं विचारलं. साडूंनी मला पानभर उत्तर लिहायला लावलं. बेसन कसं शिजवायचं ते मला इंग्रजीत सांगता येईना, तेव्हा "एवढे शिकले कायच्यासाठी?" हेही वर ऐकून घ्यावं लागलं.

दिवाळी झाली आणि ताईनं दिलेला शब्द पाळला. शटर पडलं. दोघं हिंगणघाटला आमच्या मागच्या गल्लीत राहायला आली. साडू ओट्यावर खुर्ची टाकून बसत, पण त्या गल्लीत सायकलीशिवाय काही येत नसे आणि सायकलवाल्याच्या पोटात डोकावण्याची त्यांना हौस नव्हती. ताई दोन माणसांचा स्वयंपाक करताना अंदाज चुकून पातेलं भरून भाजी करायची आणि ती डब्यातून आमच्याकडे यायची. आम्ही दोघंही मुकाट्यानं खायचो.

उन्हाळा लागला तेव्हा एका रविवारी दुपारी मी रिकामे डबे परत करायला गेलो होतो. साडूंचा फोन वाजला. "हो जी... हो... पाटोडी ना? मियते ना," असं म्हणता म्हणता ते थांबले आणि फोनवर तळहात ठेवून आमच्याकडे बघू लागले. नागपूरहून हैदराबादेकडे मंडळी निघाली होती. जामजवळ जेवण शोधलं तर मोबाईलमध्ये पहिलं नाव याच भोजनालयाचं येतंय, असं सांगत होती. शिक्षा भोगून झाली होती की पत्रांचा गुण आला होता, कोण जाणे. मला एरवी अशा वेळी चार टोमणे हमखास सुचतात. त्या दिवशी सुचले नाहीत. फार वाईट वाटलं.

"सांगून टाका ना, बंद झालं म्हनून," ताई म्हणाली.

जन्मात ज्यानं भुकेल्या माणसाला नाही म्हटलं नव्हतं, त्याला तो शब्द सापडत नव्हता. साडूंनी फोन तिच्यापुढे धरला. "तूच सांग व," म्हणाले.

ताईनं पदराला हात पुसले, फोन कानाला लावला आणि थोडा वेळ पलीकडचं ऐकून घेतलं.

"किती जन हाय तुमी?" तिनं विचारलं. मग म्हणाली, "जामले थांबू नोका. सरळ हिंगनघाटले या, मी पत्ता सांगतो."

मी डबे खाली ठेवले आणि दही आणायला निघालो.